‘काहून?’ची वही: पोरांच्या प्रश्नांवरून विज्ञान कसं शिकवावं

आमच्या शाळेच्या आवारात चिंचेचं एक जुनं झाड आहे. शाळा जिल्हा परिषदेची, यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या बाजूला. आठवीपर्यंतचे वर्ग आहेत आणि सहावी ते आठवीचं विज्ञान माझ्याकडे आहे. पावसाळा सरत आला होता. संध्याकाळच्या अभ्यासिकेला पोरं चिंचेखाली गोळा होत होती, तेव्हा सातवीतल्या एका पोरीने एक डहाळी वाकवून माझ्यासमोर धरली. दुपारी पसरलेली पानं जोडीजोडीने मिटली होती. ती म्हणाली, "मॅडम, चिंचेले कसं कयते का आता रात झाली म्हून?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. उजेड कमी झाला की पानं मिटतात, हे मी सतरा वर्षं सांगत आले होते. पण माझ्याआधी मागच्या एका पोराने तेच सांगून टाकलं: "अंधार पडते म्हून." तरी पोरगी गप्प बसली नाही. "मंग काल दुपारी आभाळ आलतं, वर्गात लाइट लावा लागला, तवा काहून नाई मिटली?"

मी चूप राहिले. खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं.

या "काहून"चं, म्हणजे आमच्याकडच्या "का"चं, पुढे काय करायचं, तेवढंच मी इथे लिहिते आहे. शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते, पण घरात पोरं असलेल्या कुणालाही यातलं बरंचसं करता येईल. प्रयोगशाळा लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि आपल्याकडचं उत्तर चार दिवस पोटात ठेवायची तयारी लागते.

आधी प्रश्न कागदावर आला पाहिजे

शंभर पानी वही घ्या. कोपऱ्याला भोक पाडून सुतळीने फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगा, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पेन बांधा. आमच्या वहीवर पोरांनीच "काहून?" असं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. ज्याला प्रश्न पडेल त्याने तारीख आणि नाव घालून तो लिहायचा. बोलतो त्याच भाषेत लिहायचा. मी त्या वहीत शुद्धलेखन तपासत नाही. पहिल्या वर्षी तपासलं होतं. लाल शाई दिसल्यावर आठ दिवस कुणी वहीला हात लावला नाही.

बऱ्याच शाळांत प्रश्नपेटी असते. मीही ठेवून पाहिली, पण मला ती पटली नाही. पेटीत टाकलेला प्रश्न बाकीच्यांना दिसत नाही. उघडी वही मधल्या सुट्टीत पोरं चाळतात, एकमेकांचे प्रश्न वाचतात, आणि "असं कुठं राह्यते!" म्हणत त्याच्याखाली आपला प्रश्न लिहितात. एका प्रश्नाला दुसरा फुटतो तो असा.

लाजऱ्या पोरींचं काय? वर्गात हात वर न करणाऱ्या कितीतरी पोरी हापशीवर, जेवताना, केस विंचरताना अचूक विचारतात. तिथे ऐकलेला प्रश्न मी त्या पोरीला विचारून, तिच्या नावाने वहीत लिहिते. दोन-तीनदा असं झालं की ती स्वतःच पेन हातात घेते.

प्रश्नाला "शाब्बास, छान प्रश्न" म्हणणं मी सोडून दिलं आहे. एका प्रश्नाला शाब्बासकी मिळाली की बाकीची पोरं शाब्बासकी मिळेल असेच प्रश्न शोधू लागतात. आपला प्रश्न वहीत लिहिला गेला आणि पुढे त्याचं काहीतरी झालं, एवढं पोराला पुरतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती बहुतेक वर्गांत होत असते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सहावीतल्या एका पोराने धड्याच्या मधेच काही विचारलं. काय विचारलं ते आज मला आठवतसुद्धा नाही. मी म्हणाले, "आधी धडा संपू दे, हे परीक्षेत येत नाही." धडा संपला. त्या पोराने पुढे वर्षभर हात वर केला नाही. त्याचा चेहरा मला आठवतो, प्रश्न आठवत नाही, याचं आजही वाईट वाटतं. वही सुरू केली ती खरं तर त्याच्यामुळे.

मग थांबा

हे सगळ्यात अवघड आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून मोजमाप केलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि उत्तर आलं नाही तर स्वतःच बोलू लागतात, असं त्यांना दिसलं. तीन सेकंदांच्या वर थांबणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलू लागली, मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. फरक फक्त दोन सेकंदांचा होता!

मी मनात पाच आकडे मोजते आणि तोवर हाताला काम देते: डस्टर झटकते, खडू डबीत ठेवते. पोरं आपल्या तोंडाकडे पाहत असतात. आपण काही बोलत नाही असं दिसलं की ती एकमेकांकडे बघतात, आणि वर्ग तिथून सुरू होतो. पोराने तुम्हाला प्रश्न विचारला तरी हेच करा. पाच मोजा आणि म्हणा, "तुला काय वाटते?" उत्तर येत नसेल तर, "आपल्याला ते कसं पाहता येईल?" तुम्हाला उत्तर ठाऊक नसेल तर तसं सरळ सांगा. चिंचेखाली मी म्हणाले, "मले नाई माहीत. पाहू आपण." मॅडमलाही माहीत नाही म्हटल्यावर पोरं अशी जवळ सरकली, की एवढ्या वर्षांत सरकली नव्हती.

"काहून"चं "असं केलं तर काय होईल" करा

"काहून?" तसाच ठेवला तर त्याचं उत्तर पुस्तकात नाहीतर मोठ्यांच्या तोंडी शोधावं लागतं. त्याचं "असं केलं तर काय होईल?" केलं की उत्तर शाळेच्या आवारात सापडू शकतं. हे वळण पोरांना शिकवावं लागतं. चिंचेचा प्रश्न आम्ही कसा वळवला ते सविस्तर सांगते.

पोरीचं म्हणणं असं निघालं: अंधारामुळे पानं मिटत असतील, तर झाड दिवसाही अंधारात ठेवलं तर मिटलेलंच राहिलं पाहिजे. चिंच काही खोलीत नेता येत नाही. एक पोरगा म्हणाला, नाल्याकाठची लाजाळू पण रात्री मिटते, ती आणू. मातीसकट तीन रोपं खणून आणली आणि तेलाच्या कापलेल्या डब्यांत लावली. चार दिवस ओसरीत राहू दिली, म्हणजे ती सावरली. मग दोन डबे पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत ठेवले. तिला खिडकी नाही. दाराच्या फटी गोणपाटाने बुजवल्या. तिसरा डबा ओसरीतच ठेवला.

हा तिसरा डबा विसरू नका. आतली दोन रोपं कोमेजली तर ती अंधारामुळे की खणून आणल्यामुळे, हे बाहेरच्या रोपाकडे पाहूनच कळतं. पोरांना हे व्याख्या सांगून पटत नाही. "ओसरीतलं बी मिटलं असतं तर तू काय म्हटलं असतं?" असं विचारलं की पटतं.

मग भांडण लागलं. आत पाहायला दार उघडलं की उजेड जाणार. मोबाइलच्या उजेडावर रुमाल गुंडाळू, असं एकाने सुचवलं. दुसरी म्हणाली, रुमालातून आलेला उजेड आपल्याला दिसतो तर रोपाला नाही दिसणार कशावरून? अर्धा तास वाद झाला आणि तोडगा पोरांनीच काढला: आतल्या दोनपैकी एक रोप पुठ्ठ्याच्या खोक्याखाली झाकायचं आणि थेट दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच उघडायचं. दुसरं सकाळ-संध्याकाळ दोन सेकंद पाहायचं. दोघांत फरक पडला तर रुमालाचा उजेड दोषी. त्या अर्ध्या तासाचा मी जितका आनंद घेतला तितका पुढच्या निकालाचाही घेतला नाही. लाजाळूला धक्का लागला तरी ती मिटते, म्हणून खोलीत पाय आपटायचे नाहीत, हा नियमही त्यांचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दार उघडलं. अंधारातल्या दोन्ही रोपांची पानं उघडी होती. खोक्याखालचीसुद्धा. दोन वेळा पाहायचं ठरलेलं रोप संध्याकाळी ओसरीतल्यासारखंच मिटलं. तिसऱ्या दिवशी ते अर्धवट उघडलं, मरगळलेलं वाटलं, तेव्हा आम्ही सगळे डबे बाहेर काढले.

म्हणजे सकाळ झाल्याचं रोपाला उजेडाने सांगितलं नव्हतं.

त्यानंतर, आणि त्यानंतरच, मी पोरांना झाँ-झाक द मेरान यांची गोष्ट सांगितली. हे फ्रान्समधले खगोलशास्त्रज्ञ. 1729 साली त्यांनी लाजाळूसारखीच झाडं अंधारात ठेवून पाहिली आणि त्यांना हेच दिसलं. त्यांच्याही आधी, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, सिकंदराच्या आरमारातल्या आंद्रोस्थेनीस नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या बहरीन बेटावरच्या एका झाडाबद्दल नोंद केली होती: पानं रात्री मिटतात, सूर्योदयाला उघडतात, आणि तिथले लोक म्हणतात की झाड झोपतं. ते झाड चिंचेचंच असावं, असं पुढे वनस्पतीशास्त्रज्ञांनी ओळखलं. हे ऐकताना प्रश्न विचारणारी पोरगी ताडकन उभी राहिली. "माही आजी बी थेच म्हणते! रातच्याला झाडाले हात लावू नोको, झोपलं हाय थे."

आता जवळजवळ सगळ्याच सजीवांच्या शरीरात असं दिवस-रात्रीचं घड्याळ असतं, हे माहीत झालं आहे. फळमाशीत हे घड्याळ चालवणारी यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017चं नोबेल मिळालं. उजेड त्या घड्याळाचे काटे रोज जुळवून देतो. घड्याळ चालतं मात्र आतल्या आत. पान मिटतं ते देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीतल्या पेशींमधलं पाणी इकडून तिकडे गेल्यामुळे. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर पोरांनी वहीत उतरवून घेतलं असतं, बस्स. आता ते त्यांच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर होतं.

प्रयोग इथे संपला असं मला वाटलं होतं. पण सहावीतला एक बारका पोरगा म्हणाला, "मॅडम, खोलीत उजेड नोहोता, पण सकाळी गरमी तं वाढते ना?" मी थर्मामीटर ठेवून पाहिलं. त्या बंद खोलीतही पहाटे आणि दुपारी तीन अंशांचा फरक पडत होता. पोराची शंका रास्त होती! द मेरान यांच्यानंतर काही दशकांनी दुहामेल द्यू मोंसो या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञांनाही हीच शंका आली होती. त्यांनी झाड तळघरात, जिथे ऊनगारवा फारसा बदलत नाही अशा जागी ठेवून पाहिलं. आमच्या गावात तळघर कुठलं? एका पोरीने कोरडी विहीर सुचवली. सूचना अगदी बरोबर होती, आणि ती मला नाकारावी लागली. जुन्या कोरड्या विहिरीत हवा खराब असू शकते, पोरांना तिच्या काठावरही जाऊ देता येत नाही. वहीत मात्र तिची सूचना तिच्या नावाने लिहिली आहे.

"इकडे होते, तिकडे होत नाही" असा प्रश्न आधी उचला

सगळे प्रश्न हाती घेता येत नाहीत. शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही वही घेऊन बसतो आणि एक प्रश्न निवडतो. निवडायची माझी खूण एकच. ज्या प्रश्नात तुलना आधीच आहे त्याला हात घालायचा, कारण त्यातला अर्धा प्रयोग पोराने डोळ्यांनी आधीच केलेला असतो. उदाहरणार्थ: "उन्हाळ्यात आमच्या वावराले हात जाईन एवढ्या भेगा पडतात, मंग शाळेच्या मुरमाले काहून नाई?"

याला दोन काडेपेट्या पुरल्या. एकीच्या खणात काळ्या मातीचा ओला गारा, दुसरीत मुरमाचा, दोन्ही काठोकाठ भरून उन्हात ठेवायचे. दोन दिवसांत काळी माती कडा सोडून आत आक्रसते, मुरूम जवळजवळ तसाच राहतो. पट्टीने मोजा, लिहा. पुन्हा पाणी घाला, माती फुगते. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पातळ थरांचे असतात. पाणी थरांमध्ये शिरलं की ती फुगते, वाळली की आवळते. आपल्याकडची काळी माती बहुतेक बेसाल्टच्या खडकापासून झालेली आहे. तिथून लाव्हाच्या धड्याकडे सहज जाता येतं.

गावातल्या समजुतींना हात कसा लावावा

वहीत चकव्याचा प्रश्न येणारच. आमच्या एका पोराचे आबाजी जागलीवरून, म्हणजे रात्रीच्या राखणीवरून, परतताना रात्रभर एकाच वावराभोवती फिरत राहिले होते. पोराने लिहिलं: "चकवा काहून लागते?" इथे हसायचं नाही आणि "सगळं थोतांड आहे" असंही म्हणायचं नाही. आबाजी रात्रभर फिरले हे खरंच आहे. तो त्यांचा अनुभव आहे आणि तीच आपली पहिली नोंद. तपासायचं आहे ते कारण.

मैदानावर आम्ही झेंड्याच्या खांबाकडे तोंड करून एकेकाला उभं केलं. डोळ्यांवर ओढणीची घट्ट पट्टी बांधली. हातात झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली दिली, म्हणजे चालताना वाळल्या मातीवर ओली रेघ उमटत जाते. मागे दोन पावलांवर एक सोबती, धडपडू नये म्हणून. शांतता पाळायची, नाहीतर आवाजावरून दिशा कळते. बारा पोरांपैकी नऊ जण खांबाच्या बरेच बाजूला गेले. कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे. तीन जणांची रेघ वळत वळत मागे फिरू लागली होती. आणि प्रत्येकजण पट्टी सोडेपर्यंत सांगत होता की आपण सरळच चाललो आहोत.

जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2009 साली माणसांना अनोळखी जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ते झाकले गेले की वळसे घेत आपल्याच वाटेवर परत आली, आणि त्यांना ते कळलंही नाही. पोराने हे घरी जाऊन आबाजींना सांगितलं. आबाजींनी विचारलं, "त्या रातीले चांदणं नोहोतं, हे त्यायले कसं कयलं?" पुढच्या शनिवारी ते स्वतः शाळेत आले आणि डोळ्यांना पट्टी बांधून चालले.

पुस्तकातल्या वाक्यांवरही "काहून" लावा

काही प्रश्न वावरातून येत नाहीत, पुस्तकी वाक्यातून येतात. "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो" हे वाक्य पोरांना पाठ असतं. डिसेंबरात एका पोराने विचारलं, मग बाराला माझी सावली काहून पडते?

याला एक मीटरची सरळ काठी, ओळंबा आणि घड्याळ लागतं. अकरा ते एक, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे सगळ्यात आखूड सावलीसुद्धा 95 सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच. आणि ती बाराला येत नाही, सव्वाबाराच्या सुमाराला येते. भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. आपण साधारण 78 अंशांवर आहोत. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून आपली खरी दुपार सतरा-अठरा मिनिटं उशिरा होते. पोरांना हा गुणाकार स्वतः करू द्या. फेब्रुवारीच्या मध्यात पुन्हा मोजा, तर ती वेळ साडेबाराच्या आसपास गेलेली दिसते, आणि वहीत नवा "काहून" येतो. तो सोपा नाही. पृथ्वीचा कललेला आस आणि तिची लंबगोल कक्षा, दोन्ही त्यात येतात. आम्ही तो आठवीसाठी राखून ठेवला आहे.

सूर्य अगदी डोक्यावर येतो तो दिवस आमच्याकडे 21-22 मेच्या आसपास असतो, चंद्रपूरकडे एक-दोन दिवस आधी, नागपूरकडे चार-पाच दिवस नंतर. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि ऊन मी म्हणत असतं. तरी बारा-चौदा पोरं येतात. डोक्याला दुपट्टा बांधून, पाण्याची बाटली घेऊन, पंधरा मिनिटंच थांबायचं. आणि सूर्याकडे बघायचं नाही, काठीच्या बुडाशी बघायचं. सव्वाबाराच्या जरा आधी सावली काठीच्या पायात जाते तेव्हा पोरं ओरडतात, दरवर्षी.

काही प्रश्न विचारून सोडवायचे असतात

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, कामगंध सापळे लावलेले असतात. एका पोराने बापाला विचारलं, यात गुलाबी बोंडअळीचे नर पतंगच काहून फसतात? हा प्रयोगाने नाही, जाणकाराला विचारून सुटणारा प्रश्न. कृषी विज्ञान केंद्रातून माणूस शाळेत आला, तेव्हा पोराने स्वतः विचारलं. उत्तर मिळालं: मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्याची नक्कल सापळ्यातल्या गोळीत भरलेली असते. मोजणी मात्र पोरांना करता येते. रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजून तक्ता भरायचा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाय करायची वेळ झाली, असं मानतात. एका घरात पोराचा तक्ता पाहून बापाने केंद्रात फोन लावला. याच बापाने आधी विचारलं होतं, "हे परीक्षेच्या पेपरात येते काय?"

एक गोष्ट कडकपणे पाळा. फवारणीचं औषध, त्याचा पंप, रिकामा डबा, यातलं काहीही पोरांच्या प्रयोगात कधीच नको, पाहायलासुद्धा नको. तक्त्यासाठी वावरात जायचं तर फवारणी झालेली नाही हे घरच्यांना विचारून जायचं. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत. त्या वर्षी आमच्या वहीत एक प्रश्न आला होता, "औषध अंगावर उडालं तं माणूस काहून मरते?" त्याचं उत्तर मी पाच मोजायला न थांबता, त्याच तासाला दिलं. तोंडाला फडकं, अंगभर कपडे, वाऱ्याकडे तोंड करून फवारायचं नाही, उडालं तर लगेच साबणाने धुवायचं, त्रास वाटला तर डब्याची चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जायचं. पोरांना कधी थांबवून ठेवायचं आणि कधी ताबडतोब सांगायचं, हे मोठ्यांनाच ठरवावं लागतं.

घरी

आईबापांसाठी थोडकं. पोराने विचारलं आणि तुम्ही कामात असाल तर "रात्री सांग मला" म्हणा, आणि रात्री आठवणीने तुम्हीच विचारा. तुम्ही शाळा शिकला नसाल तरी काही अडत नाही. माठातलं पाणी पावसाळ्यात उन्हाळ्याएवढं थंड का होत नाही, हे विचारणारी पोर मला एका अशा मायने दिली, जिला सही करता येत नाही. तिने पोरीला एवढंच म्हटलं होतं, "मी तं कधी पाह्यलंच नाई, तू पाहून सांग."

चिंचवाली पोरगी आता आठवीत आहे. तिच्या आजीने काठ फुटलेला एक मोठा रांजण शाळेला दिला आहे. तळघराऐवजी तो चिंचेच्या सावलीत गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, भोवती ओली वाळू भरायची, आत लाजाळूचा डबा आणि थर्मामीटर ठेवायचं, वर लाकडी झाकण आणि गोणपाट. गरमीची शंका काढणारा बारका पोरगा सातवीत गेला आहे. पहाटेचं तापमान तो घेणार, दुपारचं ती. खड्डा मागच्या शनिवारी खणून झाला. नाल्याकाठी लाजाळूला नुकती पानं फुटली आहेत, रोपं सावरायला चार दिवस द्यायचे आहेत.